सतरा नंबरची स्क्वाड्रन आणि हेमलकसा

गेले चार-पाच वीकेंड मी एका स्क्वाड्रनच्या मागे लागलोय. म्हणजे तिच्याविषयी मिळेल ते वाचतोय. भारतीय वायुसेनेची १७ नंबरची स्क्वाड्रन, टोपणनाव 'गोल्डन ॲरोज'. जुलै २०२० मध्ये पहिली पाच रफाल विमानं अंबाल्याला उतरली तेव्हा टीव्हीवाले दिवसभर जिचं नाव घेत होते, तीच ही. घरच्यांना माझ्या या उद्योगाचं नवल नाही. लहानपण लोहगाव विमानतळाच्या आसपास गेलेल्या पोराला विमानांचं वेड लागलं नाही तरच आश्चर्य. दहावीच्या अभ्यासाला बसलो की खिडकीची काच थरथरायची, आणि मी न बघता सांगायचो कुठलं विमान आहे ते. (मार्क त्या मानाने बरे पडले.)

पण या वेळी वाचायला बसलो ते हेमलकशाला जाऊन आल्यावर. ऑफिसमधले आम्ही नऊ जण डिसेंबरात गेलो होतो. एक रिलीज संपलं होतं, सुट्ट्या उरल्या होत्या, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांना प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांचं काम एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं. बाबा आमट्यांनी १९७३ च्या २३ डिसेंबरला तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा पावसाळ्यात महिनोन्महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. आता रस्ता आहे, तरी पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही तुटतं. दवाखाना, शाळा, प्राणी यांच्याविषयी लिहिणारे खूप आहेत, मी वेगळं काही सांगणार नाही. मला सांगायचंय ते भामरागडच्या संगमावरचं एक वाक्य.

हेमलकशाहून तीन किलोमीटरवर भामरागड. तिथे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम अशा तीन नद्या एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड, तिकडे अबूझमाडचे डोंगर. पाणी शांत, समोर नुसतं जंगल, क्षितिजापर्यंत. आमच्यातला एक जण पलीकडे बघत म्हणाला, "लोहगावहून दोन सुखोई पाठवा रे. पाऊण तासात विषय संपला. इतकी वर्षं काय चाललंय हे!" दुसऱ्याने विचारलं, "मग पाठवत का नाहीत?" "राजकारण, दुसरं काय!" इतक्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

पाऊण तासाचा हिशोब बरोबर आहे, मी नंतर नकाशावर मोजलं. पण "पाठवत का नाहीत" हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर शोधताना मी जाऊन पोचलो एका स्क्वाड्रनच्या इतिहासात, जी गडचिरोलीवर कधी पाठवलीच गेली नाही.

आधी स्क्वाड्रन म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या टीममधल्यांनाही ते नीट माहीत नव्हतं. लढाऊ स्क्वाड्रन म्हणजे साधारण सोळा-अठरा विमानं, त्यांचे वैमानिक, आणि त्याहून कितीतरी जास्त संख्येने जमिनीवर काम करणारी माणसं. तिला एक नंबर, एक चिन्ह, एक ब्रीदवाक्य. १७ नंबरचं ब्रीद 'उदयम् अजस्रम्'. विमानं जुनी होऊन निवृत्त होतात, माणसं बदलतात, तळ बदलतात, पण नंबर राहतो. सर्व्हर बदलला, भाषा बदलली, आख्खी टीम नोकरी सोडून गेली, तरी प्रॉडक्टचं नाव तेच, असं काहीसं. आणि द्यायला विमानंच नसली तर तो नंबर चक्क कपाटात ठेवतात. त्याला 'नंबरप्लेट करणं' म्हणतात. १७ नंबर २०१६ मध्ये अशी कपाटात गेली आणि १० सप्टेंबर २०१९ ला रफालसाठी बाहेर आली.

जन्म १ ऑक्टोबर १९५१ चा, अंबाल्याचाच. सुरुवातीला हार्वर्ड विमानं, १९५५ पर्यंत व्हॅम्पायर, १९५७ मध्ये हंटर, १९७५ मध्ये मिग-२१, आणि आता रफाल. कुठेही वाचलंत तरी स्क्वाड्रनचा इतिहास असाच असतो. कुठलं विमान, कुठलं युद्ध, किती पदकं. आमच्या गिटच्या लॉगसारखं. जो कोड लिहिला तो दिसतो, जो लिहायचा नाही असं मीटिंगमध्ये ठरलं, त्याची नोंद कुठेच नसते. मी वाचत गेलो तशी मला या नोंदीच जास्त खुणावायला लागल्या. या स्क्वाड्रनला कधी काय करू नका म्हणून सांगितलं होतं?

पहिली नोंद थेट आपल्या भागातली. गोवा, १८ डिसेंबर १९६१.

हंटर विमानं घेऊन १७ नंबर तेव्हा बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवर आली होती. माझ्या आईचे मामा बेळगावचे. ते त्या वेळी शाळेत होते. हंटरच्या आवाजाचं वर्णन त्यांच्याकडून मी इतक्या वेळा ऐकलंय की तो आवाज मलाच आठवतो असं वाटतं. "कापड फाडल्यासारखं रे, टर्रर्रकन् आभाळ फाटायचं." शाळेत कुणाचं लक्ष लागायचं नाही म्हणे. सांबऱ्याहून बांबोळी हवाई अंतराने नव्वदेक किलोमीटर. हंटरला सात-आठ मिनिटं. म्हणजे माझ्या ऑफिसच्या गेटवरच्या सिग्नलला लागतात त्याहून कमी.

या मोहिमेची हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल एरलिक पिंटो यांच्याकडे होती. त्यांना मिळालेले हुकूम वाचण्यासारखे आहेत. दाबोळीची धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलच्या इमारतीला आणि विमानतळाच्या बाकी सोयींना धक्का लागता कामा नये. बांबोळीचं रेडिओ केंद्र बंद पाडा. दमण आणि दीवच्या धावपट्ट्या शत्रूला वापरता येऊ नयेत, पण परवानगी विचारल्याशिवाय तिथे हल्ला नको. म्हणजे निम्मे हुकूम 'करा'चे आणि निम्मे 'करू नका'चे. कारण उघड होतं. उद्या हा विमानतळ आपलाच होणार होता, आणि खाली राहणारी माणसंही आपलीच.

त्याप्रमाणे झालं. बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड बाँब टाकले, मग आणखी आठ कॅनबेरा आल्या. टर्मिनल उभं राहिलं. १७ नंबरच्या सहा हंटरनी रॉकेट आणि तोफांनी बांबोळीचं केंद्र बंद पाडलं. दाबोळीवर दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं उभी होती, ती आयती ताब्यात मिळतील म्हणून मुद्दाम सोडली होती. तर पोर्तुगीजांनी रात्रीत धावपट्टीची जमेल तेवढी डागडुजी केली आणि दोन्ही विमानं उडवून नेली! संयमाची अशी थोडी किंमतही मोजावी लागते. पण आज दाबोळीला उतरताना मला त्या किमतीबद्दल फारसं वाईट वाटत नाही.

त्याच दिवसाची एक छोटी नोंद आहे, ती पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो. गोव्याच्या आभाळात पोर्तुगीजांचं एकही लढाऊ विमान नव्हतं. वरून दिसायला अडचण नव्हती, घाई नव्हती. तरीही आपल्या दोन व्हॅम्पायर विमानांनी आपल्याच शीख लाइट इन्फंट्रीच्या तुकडीवर रॉकेट सोडली आणि दोन जवान जखमी झाले. वेगात जाणाऱ्या विमानातून खालचा माणूस कोणाचा, हे ओळखणं किती अवघड असतं त्याचा हा नमुना.

पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, चीनशी युद्ध. तिथे सगळाच 'करू नका'. मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं जिवावर उदार होऊन उडत राहिली, पण लढाऊ स्क्वाड्रन वापरल्याच नाहीत. हा निर्णय चुकला की बरोबर होता यावर आजही वाद घालणारे घालतात. मला स्वतःला चुकलाच वाटतो. म्हणजे 'नाही' म्हणणं दर वेळी शहाणपणाचंच असतं, असं मी म्हणत नाहीये. ते एक असो.

आता १९६६.

खरं सांगायचं तर हे वाचेपर्यंत मला ऐझॉलविषयी काहीच माहिती नव्हती. शाळेच्या पुस्तकात नव्हतं, आणि रफालच्या वेळी स्क्वाड्रनची ओळख करून देणारं जे काही मी वाचलं होतं त्यात गोवा होतं, १९६५ होतं, १९७१ होतं, कारगिल होतं. मधलं १९६६ नव्हतं.

मिझोरम तेव्हा वेगळं राज्य नव्हतं, आसामचा एक जिल्हा होता. १९५९ च्या सुमाराला बांबू फुलला, उंदीर बेसुमार वाढले, पिकं खाऊन टाकली आणि दुष्काळ पडला. तिकडे त्याला 'मावताम' म्हणतात. सरकारने लक्ष दिलं नाही या रागातून लालडेंगा यांची मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली, आणि १ मार्च १९६६ ला तिने स्वातंत्र्य जाहीर केलं. सरकारी खजिना, कचेऱ्या, ठाणी बंडखोरांच्या हातात गेली. ऐझॉलमध्ये आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा पडला. हेलिकॉप्टरने कुमक उतरवायचा प्रयत्न झाला, पण खालून इतका गोळीबार होत होता की उतरताच येईना. ठाणं पडणार असं दिसायला लागलं. मग लढाऊ विमानं बोलावली. बागडोग्र्याहून २९ नंबरची तूफानी आणि जोरहाटहून १७ नंबरची हंटर.

ऐझॉल हे डोंगराच्या धारेवर वसलेलं गाव, घरं लाकडाची, एकाला एक लागून. विमानांनी आधी तोफा चालवल्या, मग आग लावणारे बाँब पडले. बाजारपेठेचा भाग जळाला. लोक घरं टाकून जंगलात, आजूबाजूच्या खेड्यांत पळाले. लष्करी हिशोबाने काम झालं, वेढा उठला, लष्कर काही दिवसांत शहरात पोचलं. सरकारने मात्र बाँब टाकल्याचं कबूल केलं नाही. विमानांनी माणसं आणि सामान टाकलं, अशी इंदिरा गांधींची भूमिका होती. त्यावर आसामच्या विधानसभेत, तिकडे जाऊन आलेल्या आमदारांनी विचारलं की सामान टाकल्यावर घरं कशी जळतात?

भारताने स्वतःच्या नागरिकांच्या वस्तीवर लढाऊ विमानांतून हल्ला केल्याचं हे एकच उदाहरण आहे. बंड काही त्या आठवड्यात संपलं नाही. ज्यांच्या मनात फ्रंटविषयी फारसं काही नव्हतं अशी पोरंही जंगलात गेली. नंतर लष्कराने खेडी उठवून रस्त्यांच्या कडेला एकत्र वसवली, त्याचे घाव वेगळे. करार व्हायला वीस वर्षं लागली. ३० जून १९८६ ला सही झाली आणि तेच लालडेंगा मुख्यमंत्री झाले. मिझोरममध्ये अजूनही ५ मार्च हा 'झोरम नी' म्हणून पाळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांनी लोकसभेत या घटनेचा उल्लेख केला तेव्हा आपल्याकडे दोन दिवस चर्चा झाली, तीही बहुतेक कोणत्या पक्षाचं पाप यावर. तिकडच्या लोकांना ती तारीख सत्तावन्न वर्षं पाठच होती.

१७ नंबरच्या वैमानिकांना मी यात दोष देत नाही. वेढ्यात अडकलेले जवान त्यांचेच होते, हुकूम वरून आला होता. पण गोव्याच्या हुकूमनाम्यात टर्मिनलच्या इमारतीचीसुद्धा काळजी होती. ऐझॉलच्या लाकडी घरांची काळजी करणारं एखादं वाक्य कुणी लिहिलं होतं का, हे मला कुठे सापडलं नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९७१ ला ही स्क्वाड्रन हासिमाऱ्याहून पूर्व आघाडीवर लढली, अजून हंटरच. मग मिग आली. १९९९ मध्ये कारगिल. तिथे पुन्हा 'करू नका' आला, आणि फार कडक. नियंत्रणरेषा ओलांडायची नाही. पाकिस्तानी सैनिक शिखरांवर बसलेले, विमानाला वळायला मोकळी जागा हवी, आणि नकाशावरची एक रेघ पार करायची नाही! १७ नंबरचे त्या वेळचे प्रमुख विंग कमांडर बी. एस. धनोआ. त्यांच्या मिगनी रात्रीचेसुद्धा हल्ले केले. २७ मे १९९९ ला फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांचं विमान पडलं, त्यांना शोधायला १७ नंबरचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा तिथेच घिरट्या घालत राहिले. खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र त्यांच्या मिगला लागलं. ते हवाई छत्रीने उतरले, पण त्यांचा मृतदेह परत आला तो गोळ्यांच्या जखमांसह. वीरचक्र मिळालं. रेष न ओलांडण्याच्या हुकमाने वैमानिकांचं काम अवघड केलं, पण जगाला दिसलं की घुसखोर कोण आहे. धनोआ पुढे वायुसेनाप्रमुख झाले, आणि निवृत्तीच्या महिन्यात आपल्याच जुन्या स्क्वाड्रनचा नंबर कपाटातून बाहेर काढायला अंबाल्याला गेले. असला योग क्वचित येतो.

आता पुन्हा गडचिरोलीकडे. कारण संगमावरचा प्रश्न माझ्या मित्राने पहिल्यांदा विचारलेला नाही. देशाच्या पातळीवर तो २०१० मध्येच विचारून झालाय.

८ ऑक्टोबर २००९. भामरागड तालुक्यातच, लाहेरीला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस राहिले असताना नक्षलवाद्यांनी १७ पोलिसांना मारलं. त्याच वर्षी आधी मरकेगावला १५ पोलीस गेले होते. मग ६ एप्रिल २०१० ला छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात ताडमेटलाजवळ ७६ जवान एका सकाळी मारले गेले. देश हादरला. टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी एकच बोलत होती, वायुसेना वापरा. गृहमंत्री चिदंबरम म्हणाले की तूर्त तसा विचार नाही, गरज वाटली तर फेरविचार करू. दार किलकिलं राहिलं होतं.

त्या वेळी वायुसेनाप्रमुख होते एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक. आपल्या नागपूरचे. नागपूर म्हणजे गडचिरोलीचा जखमी माणूस जिथे उपचाराला नेतात ते शहर. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की नक्षल प्रश्नात वायुसेना वापरायला ते अनुकूल नाहीत. त्यांचं कारण मला फार आवडलं, कारण ते इंजिनिअरचं कारण आहे. आमची शस्त्रं सीमेपलीकडच्या शत्रूसाठी बनवलेली आहेत, मोजून-मापून मारायचं प्रशिक्षण सैन्याला नसतं, अशा अर्थाचं ते बोलले. शंभर टक्के खात्रीची माहिती नसेल तर चुकीची माणसं मरणार, हाही त्यांचा मुद्दा होता.

हे जरा आकड्यात मांडून बघा. लढाऊ विमान हल्ल्याच्या वेळी ताशी ९०० किलोमीटरने जात असेल तर सेकंदाला २५० मीटर. हेमलकसा ते भामरागड हे आम्ही गाडीने गाणी म्हणत कापलेलं अंतर बारा सेकंदांत संपतं. एप्रिल महिना मोहाचा. माडिया बायका, पोरं, म्हातारी माणसं पहाट व्हायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, फुलं नीट वेचता यावीत म्हणून आधी खालचा पाला जाळतात. म्हणजे वरून काय दिसणार? जंगलात ठिकठिकाणी धूर, आणि त्याच्या आसपास दहा-पंधरा माणसांचे घोळके. त्यात बंदूकवाला कोण? गणवेशातला एक वेळ कळेल, पण गावात राहून त्यांना भाकरी देणारा, भीतीने किंवा मनापासून, तो कसा कळणार? गोव्यात स्वच्छ उजेडात आपली तुकडी ओळखू आली नव्हती, हे मघाशी सांगितलंच.

माझ्या मित्राच्या 'राजकारण' या उत्तरात थोडं तथ्य असेलही. पण पहिलं 'नाही' म्हणणारा माणूस राजकारणी नव्हता, लढाऊ विमानांचा वैमानिक होता. ७६ शवपेट्या दिसत असताना, सगळा देश चिडलेला असताना, ज्याच्या हातात हत्यार आहे त्यानेच 'हे हत्यार या कामाचं नाही' असं सांगणं, हे मला सोपं वाटत नाही. आम्ही क्लायंटला साधं 'हे फीचर नको' सांगताना किती शब्द फिरवतो!

बरं, वायुसेना इकडे आलीच नाही असं मात्र नाही. ती आली, पण हेलिकॉप्टरं घेऊन. भामरागड, एटापल्लीच्या लोकांसाठी वायुसेना म्हणजे एमआय-१७. लांबून धडधड ऐकू येते आणि मग झाडांच्या शेंड्यांवरून ते हिरवट-करडं धूड सरकतं. निवडणूक आली की अतिदुर्गम मतदान केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रं पोचवायला, आणि चकमक झाली की जखमींना उचलायला. सी-६० चा जवान गोळी लागून पडला तर जंगलातून रस्त्याने न्यायला लागणारे तास आणि हवेतून लागणारी मिनिटं, यातल्या फरकावर त्याचा जीव अवलंबून असतो.

हे काम बिनधोक अजिबात नाही. १४ नोव्हेंबर २००८ ला छत्तीसगडच्या विजापूर भागात पिडिया इथून मतदान कर्मचाऱ्यांना परत आणणाऱ्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला आणि फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली यांचा मृत्यू झाला. तोवर या हेलिकॉप्टरांनी उलट गोळी चालवायची की नाही याचा स्पष्ट हुकूमच नव्हता. त्यानंतर वायुसेनेने परवानगी मागितली, २००९ मध्ये तत्त्वतः मिळाली, पण फक्त स्वसंरक्षणापुरती. गरुड कमांडो बरोबर, बाजूला मशीनगन, आणि नियम असा की आधी गोळी खालून यायला हवी. मी एका निवृत्त वायुसैनिकाला विचारलं, हे जरा अन्यायाचं नाही का? ते म्हणाले, "आहे ना. पण सर, खाली आपलंच मतदान चालू असतं." माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठा माणूस मला सर म्हणतो याचीच मला लाज वाटत होती, त्यामुळे पुढचा प्रश्न राहून गेला.

आणि हा सगळा इतिहास वीरांचाच आहे असंही नाही. १८ जानेवारी २०१३ ला सुकम्यात जखमींना आणायला निघालेल्या एमआय-१७ ला गोळ्या लागल्या, ते तिमेलवाड्याजवळ जंगलात उतरवावं लागलं. चालक दल आणि गरुड चिंतागुफाच्या छावणीकडे चालत निघून गेले आणि हेलिकॉप्टरमध्ये जखमी झालेला छत्तीसगड पोलिसांचा वायरलेस ऑपरेटर तिथेच मागे राहिला. मदत आणायला गेलो, असं एका बाजूचं म्हणणं. आपल्या माणसाला टाकून गेलात, असं दुसऱ्या बाजूचं. त्याला नंतर बाहेर काढण्यात आलं, पण पोलीस आणि वायुसेना यांच्यात त्यावरून बरीच कटुता आली. कुठल्याही युनिटच्या गौरवग्रंथात हे प्रकरण सापडणार नाही, जसं ऐझॉल सापडत नाही.

२०२१ नंतर पलीकडच्या बाजूला, बस्तरमध्ये, ड्रोनमधून स्फोटकं टाकल्याचे आरोप गावकऱ्यांनी आणि माओवाद्यांनी केले, पोलिसांनी ते नाकारले. म्हणजे प्रश्न संपलेला नाही, त्याचं यंत्र फक्त लहान झालंय. सुखोई पाठवायला दिल्लीत कुणीतरी सही करावी लागते, दहा माणसं आधी विचार करतात. ड्रोनला किती सह्या लागतात, हे विचारायला हवं.

दरम्यान गडचिरोलीत गोष्टी जमिनीवरच बदलत गेल्या. रस्ते, मोबाईल टॉवर, पोलीस ठाणी, चकमकी, आत्मसमर्पणं, सगळं एकत्रच. २२ एप्रिल २०१८ ला भामरागड तालुक्यातच इंद्रावतीकाठी कसनासूर-बोरियाची मोठी चकमक झाली. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. यातलं काहीही पाऊण तासात झालेलं नाही. लाहेरीपासून मोजलं तर सोळा वर्षं, आणि त्यात पोलिसांचे, नक्षलवाद्यांचे आणि मधल्या माडियांचे गेलेले जीव. हा रस्ता स्वस्त होता असं मी म्हणूच शकत नाही. फक्त बाजारपेठ जळल्याची तारीख पाळणारं गाव या जिल्ह्यात नाही.

१९ एप्रिल २०२४ ला गडचिरोली-चिमूरमध्ये लोकसभेचं मतदान झालं. आत जंगलात मतदान दुपारी तीनला बंद होतं, म्हणजे माणसं आणि यंत्रं उजेडात परत निघू शकतात. दूरच्या केंद्रांवरची पथकं हेलिकॉप्टरने आधीच तळांवर सोडली होती, तिथून पुढे ती पोलिसांबरोबर पायी गेली. दिवस मोहाचेच होते. मतदान सत्तर टक्क्यांच्या वर गेलं. त्या टप्प्यात राज्यात सगळ्यात जास्त. आमच्या पुण्याचं मतदान पुढच्या महिन्यात झालं, तो आकडा तुम्ही स्वतः शोधून बघा.